मुळे म्हणायचं नाही

कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मला वीस मिनिटं उशीर झाला. ग्रंथालयाच्या दाराशी एक उंच, खांद्यात वाकलेले गृहस्थ उभे होते. हातात पुस्तक, पुस्तकात बोट. मी कुलूप उघडता उघडता म्हटलं, "सॉरी हं सर, नंदुरबारची गाडी लेट आली, त्यामुळे उशीर झाला."

"गाडी उशिरा आली," ते म्हणाले, "मान्य. तुम्ही उशिरा आलात, तेही मान्य, मी इथेच उभा होतो. पण मधलं ते 'मुळे' तुम्ही कुठून आणलंत?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण चेहरा गंभीर.

"म्हणजे गाडी वेळेवर आली असती, तर तुम्ही वेळेवर आला असता?"

"मग! आले असतेच की."

"कशावरून? चप्पल तुटली असती. स्टँडवर एखादी मैत्रीण भेटली असती."

आता मैत्रीण खरोखरच भेटली होती, आणि तिच्याशी गप्पा मारत मी चांगली दहा मिनिटं उभी होते. माझा चेहरा पडला. तो पडलेला पाहून ते मनापासून खूश झाले, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, बाई गं, पहिल्याच दिवशी असला नग भेटला, पुढे कसं व्हायचं?

पुढे चौदा वर्षं हा नग दर शनिवारी माझ्यासमोर बसला. आता नाही बसत. ती खुर्ची मी अजून कोणाला देत नाही. प्राचार्यांनी दोनदा मागितली, मी दोनदा नाही म्हटलं.

सर अर्थशास्त्र शिकवायचे. त्यातही त्यांची गल्ली वेगळी, अर्थमिती. मला समजलं तेवढं सांगते. एक गोष्ट दुसरीला घडवते, की नुसतीच तिच्या आधी घडते, हे आकड्यांवरून ओळखायच्या रीती शोधायच्या, हे त्यांचं काम. त्या कामापायी 'मुळे' या शब्दाशी त्यांचं हाडवैर झालेलं. मुलांनी पेपरात 'महागाईमुळे' लिहिलं की लाल शाईचं प्रश्नचिन्ह. 'नंतर' लिहा म्हणायचे, 'नंतर' हा गरीब आणि खरा शब्द आहे. शहाद्यासारख्या तालुक्याच्या गावात अर्थमिती शिकायला येणार कोण? कधी चार मुलं, कधी दोन. एका वर्षी एकच मुलगी होती, तर तिलाही ते फळ्यावर सगळं लिहून, मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवून शिकवायचे.

मोठ्या शहरातल्या संस्थेतली नोकरी सोडून ते इकडे आले होते, असं ऐकून होते. मी एकदा विचारलं, का आलात? म्हणाले, "आलो, एवढं सांगता येईल. का, ते सांगायला दुसरं एक आयुष्य पाहिजे बाई, तुलनेला."

आमचा शिपाई आबा तर त्यांना जाणूनबुजून छळायचा. "सर, लाइट गई, तेन्हामुये पंखा बंद शे."

सरही मग अहिराणीत उतरायचे. "आबा, मुये नको म्हनू. लाइट गई, मंग पंखा बंद पडना, इतलंच म्हन."

"मंग काय भूतनी बंद कया का?"

"ते आपले माहीत नही ना भाऊ!"

त्यांचं गाव तापीकाठी, सारंगखेड्याच्या जवळच. डिसेंबरात तिथल्या घोडेबाजारात सर न चुकता जायचे. घोड्यावर बसता येत नव्हतं, घोडा घ्यायचा नव्हता. जायचे ते व्यापाऱ्यांशी भांडायला. एका वर्षी मी माझ्या पोरांना घेऊन गेले, तर हे एका फेटेवाल्या व्यापाऱ्यासमोर उकिडवे बसलेले. तो सांगत होता, की पलीकडच्या राहुटीतल्या घोड्याला छातीवर केसांचा खोडीचा, म्हणजे अशुभ, भोवरा आहे, तसला घोडा ज्यांनी ज्यांनी घेतला त्यांची घरं बसली.

"किती जणांनी घेतला?" सर.

"मन्हा माहितीमा तीन."

"तिघांची घरं बसली?"

"दोघांची."

"बरं. आणि बिनभोवऱ्याचा घोडा घेऊन ज्यांची घरं बसली, ते किती?"

व्यापारी विचारात पडला. मग त्यानं फेटा काढला, डोकं खाजवलं आणि हात जोडून म्हणाला, "गुरुजी, तुम्हले घोडा लेवाना शे का मन्हं डोकं खावानं शे?"

सर इतके हसले की त्यांना उठताना माझ्या मोठ्यानं हात द्यावा लागला.

आयुष्यात एकदाच त्यांना 'मुळे' हा शब्द हक्कानं वापरता आला. पूर्वी मोलगीकडच्या डोंगरात एक निवासी शाळा होती. जागा थोड्या आणि अर्ज उदंड, तेव्हा तिथले हेडमास्तर एका डब्यात चिठ्ठ्या टाकायचे आणि ज्याची निघेल त्याला घ्यायचे. ही खबर लागली आणि सर वेडे झाले. म्हणाले, "बाई, चिठ्ठी निघालेली पोरं आणि न निघालेली पोरं, दोन्ही एकाच डोंगरातली, सारख्याच घरातली. मध्ये फक्त नशीब आहे. पुढे त्यांच्यात जो फरक पडला असेल, तो शाळेमुळे. शाळे-मुळे!" तो शब्द त्यांनी असा उच्चारला, की जणू तोंडात पेढा आहे.

त्या चिठ्ठ्यांना बरीच वर्षं होऊन गेली होती, तरी त्यांनी ती सगळी पोरं शोधायला काढली. तोवर ती बापे-बाया झालेली. निम्मे गुजरातेत कामाला गेलेले. सर जीपनं मोलगीला जायचे, पुढे पायी. बाजाराच्या दिवशी बाजारात उभे राहून विचारायचे, एकेका पाड्यावर तीन तीन फेऱ्या मारायचे. इतर लोक म्हणे न सापडलेल्यांना सोडून देतात आणि सापडलेल्यांवरून उत्तर काढतात. सरांना ते चालत नव्हतं. "पहिल्या फेरीला सापडतो तो घरात बसणारा," ते म्हणायचे. "तिसऱ्या फेरीला जो सापडतो, तो न सापडलेल्यांसारखाच, त्यांचा भाऊ. त्याला विचारायचं, त्यांचं काय झालं असेल." ह्या भावांवरून हरवलेल्यांचा अंदाज कसा बांधायचा, ह्याची रीत त्यांनी काढली, आणि तोच त्यांचा पेपर. सगळ्या जन्मात लक्षात राहावा असा एकच.

त्या फिरण्याचे त्यांचे दोन नियम होते. घरी नाही सापडला, तर तीनदा जायचं. पण तो दारात येऊन 'नको' म्हणाला, तर पुन्हा त्या दारात पाय ठेवायचा नाही. "नाही म्हणणाऱ्याच्या दारात दुसऱ्यांदा उभं राहणं हा जुलूम आहे," असं ते म्हणायचे. त्यानं स्वतःहून बोलावलं, तरच जायचं.

सरांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. ठेंगण्या, हसऱ्या. त्यांना घरात 'मुळे' म्हणायची मुभा होती आणि त्या तिचा भरपूर फायदा घ्यायच्या. "तुमच्यामुळे भाजी करपली, तुमच्यामुळे मीठ जास्त पडलं, तुमच्यामुळे मी जाड झाले." सर मान खाली घालून जेवायचे. एकच मुलगी, घरात तिला पिंकी म्हणत. तिचं शाळेतलं नाव मला ठाऊक नव्हतं आणि विचारायचं कधी कारणही पडलं नाही. आमच्या खानदेशात निम्म्या पोरी पिंकी आणि निम्म्या मोना.

तो पेपर वाचायला सरांना दिल्लीचं बोलावणं आलं. वहिनींना दोन दिवस ताप होता. जाऊ की नको करत होते, तर वहिनीच म्हणाल्या, "जा हो, मी काय कुकुलं बाळ आहे? पिंकी आहे ना." सर गेले. तिकडे त्यांनी पेपर वाचला आणि इकडे ताप डोक्यात गेला. धुळ्याला नेईपर्यंत वहिनी संपल्या. गाडीत त्यांचं डोकं पिंकीच्या मांडीवर होतं. पोरगी वीस वर्षांची.

दहाव्याला तापीवरच्या प्रकाशा गावाहून सगळे परत आले आणि घरापुढच्या मांडवात बसले. मीही होते. पिंकी आतून आली, सरांसमोर उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "पप्पा, तुम्ही गेलात, त्यामुळे आई गेली."

दुसरा कोणताही बाप तिथे ढसाढसा रडला असता. तिला जवळ घेतलं असतं, नाहीतर एक थोबाडीत तरी दिली असती. सरांनी मान वर केली आणि वर्गात बोलावं तसं, अगदी हळू, अगदी नीट सांगितलं, "तसं म्हणता येणार नाही बेटा. मी थांबलो असतो तर काय झालं असतं, ते आपल्याला कधीच दिसणार नाही."

पिंकीनं त्यांच्याकडे पाहिलं. आत गेली आणि पंधरवड्यात बॅग भरून बडोद्याला निघून गेली, शिकायला.

मला त्या दिवशी सरांचा असा संताप आला म्हणून सांगू! घरी जाऊन नवऱ्यालाच बोलले, म्हटलं पुस्तकं वाचून माणसाचं लाकूड होतं. आठ दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

महिन्याभरानं ते बडोद्याला गेले. होस्टेलच्या फाटकावर चिठ्ठी पाठवली. वॉचमन परत आला आणि म्हणाला, ताई म्हणतात, भेटायचं नाही. सर तसेच स्टँडवर आले आणि मिळेल त्या गाडीनं शहाद्याला परतले. सोमवारी मला सगळं सांगितलं, जशी काय दुसऱ्या कोणाची गोष्ट. मी म्हटलं, "मग पुन्हा जा! तीनदा जायचं ना तुमचं?"

"ते न सापडलेल्यासाठी," ते म्हणाले. "ती सापडली बाई. ती नको म्हणाली."

त्यानंतर ते गेले नाहीत. फोनही केला नाही. मी भांडून पाहिलं, रुसून पाहिलं. आबानं आपल्या परीनं सांगून पाहिलं, "सर, पोर शे ती, लेकरूना राग कितला दिन ऱ्हास?" उपयोग शून्य.

त्यांच्या जुन्या बटणांच्या फोनला त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात जागा दिली होती. तो कायम चार्ज केलेला. वाजला की दचकून काढायचे, आणि पलीकडून कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई बोलायची. तिलाही ते "नको, धन्यवाद" म्हणून मग ठेवायचे. मी पाहिलेलं आहे.

शनिवारचं सांगायचं राहिलंच. कोणी आपल्या लेखात सरांच्या त्या पेपरचा हवाला दिला, की त्याची नोंद संगणकावर दिसते. विद्वानांच्या जगात म्हणे ह्यावरच माणसाची किंमत ठरते. सर त्याला उचकी म्हणायचे. उचकी लागली की आपण म्हणतो ना, कोणीतरी आठवण काढतंय, तसं. शनिवारी अकराला येऊन खुर्चीत बसायचे आणि विचारायचे, "बाई, लागली का उचकी?"

मी म्हटलं, "अहो सर, कोणी आठवण काढल्यामुळे उचकी लागते, हे तुम्हाला कसं चालतं?"

"चालत नाही. पण शब्द गोड आहे."

स्वतः मात्र ते ती नोंद कधी बघायचे नाहीत. संगणक चालवायला मला शिकवतील इतके हुशार, पण हे काम माझ्याकडे. म्हणायचे, आपल्याला जे हवं असतं ते आपल्याला दिसायला लागतं, मोजणारा माणूस तिऱ्हाईत पाहिजे. मग मी यादी छापून द्यायची आणि ते घडी घालून खिशात ठेवायचे. वर्षाला दोन, फार तर तीन. एकदा पेरू देशातून आली, तर आबा दारातूनच ओरडला, "पेरूमा उचकी? बी अडकी गई व्हई!" सर आठवडाभर हसत होते.

आणि मग तो केळीचा प्रकार झाला. एका शनिवारी मी संगणक उघडला, तर सरांच्या नावावर चारशेच्या वर उचक्या! मला आनंद आवरेना. सर म्हणाले, "चूक असेल, तपासा." पण मी कसली तपासतेय, मी धावत प्राचार्यांकडे गेले. माझंच तोंड! कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती यायची होती, प्राचार्यांना हर्ष झाला. दोन दिवसांत बॅनर, शाल, श्रीफळ, सभागृहात खुर्च्या.

सर माइकसमोर उभे राहिले. "ह्यातल्या अकरा माझ्या," ते म्हणाले. "बाकीच्या दुसऱ्या एका पाटलांच्या. त्यांचं नाव आणि बापाचं नाव, दोन्हींची पहिली अक्षरं माझ्यासारखीच आहेत, आडनावही तेच, मशीनची गल्लत झाली. ते केळीवरच्या करपा रोगावर काम करतात. मी परवा रात्री त्यांचे सगळे पेपर वाचले. फार चांगलं काम आहे. ही शाल त्यांना पाठवावी." आणि शालीची घडी घालून टेबलावर ठेवली.

प्राचार्यांनी महिनाभर माझं तोंड पाहिलं नाही. पण सभागृहात आलेल्या केळीच्या बागायतदारांनी फक्त 'करपा' एवढंच ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तापीकाठचे लोक केळीची पानं घेऊन सरांच्या दारात. सर त्यांनाही परत पाठवायचे नाहीत. वाचलेलं सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "फवारल्यानंतर कमी झाला तर 'नंतर' म्हणा बरं का."

तर त्या सत्काराच्या दिवशीच त्यांनी मला नवा नियम घालून दिला. "बाई, इथून पुढे यादीत पाटील दिसला की काट मारा. ती मला दाखवूही नका."

"सगळे पाटील?"

"सगळे. एकतर तो केळीचा असणार, नाहीतर कोणी आपल्यातला, मला बरं वाटावं म्हणून हवाला देणारा. मागे आपल्या स्टाफमधल्या एकानं दिलाच होता. भाऊबंदांच्या उचक्या धरायच्या नाहीत."

मी स्वतः पाटील. माहेरची पाटील आणि सासरचीही पाटील. आमच्याकडे पाटील वगळले तर उरतात किती? पण मला काय, काम सोपं झालं. यादी छापायची, नाव पाहायचं, पाटील दिसला की लाल पेन्सिलीनं आडवी रेघ, आणि उरलेली नावं दुसऱ्या कागदावर उतरवून सरांना द्यायची. रेघ मारलेले कागद माझ्या कपाटात. लेखाचं नाव वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. कशाला घेऊ? सगळं इंग्रजी, एकेक नाव दीड ओळीचं.

सर निवृत्त झाले. स्टँडमागे दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. शनिवार मात्र चुकला नाही. दिवाळीला मी फराळाचा डबा द्यायचे, तो घासूनपुसून परत यायचा. चकल्या आवडल्या का विचारलं तर म्हणायचे, "आवडल्या. कशा खाल्ल्या ते घरी कोणाला दाखवणार, म्हणून तुम्हालाच दाखवतो," आणि खोटं खोटं चकली चावून दाखवायचे. हसू यायचं आणि लगेच भडभडून यायचं.

एका शनिवारी उचकी नव्हतीच. उठायचं सोडून ते बसून राहिले. "बाई, तुमची मुलगी रोज फोन करते?"

"दिवसातून दोनदा. डोकं खाते नुसतं."

"काय बोलता?"

"काय बोलणार? भाजी काय केली, पाणी आलं का."

"भाजी काय केली," ते म्हणाले. मग, "मी त्या दिवशी चुकीचं काही बोललो नव्हतो."

"नाही सर. अगदी बरोबर बोललात. पण ती पोर तुम्हाला काही विचारत नव्हती हो, ती रडत होती."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, जास्त बोलले की काय मी. पण ते म्हणाले, "कळतं मला. आता कळतं. तिनं एक ओळ जरी पाठवली ना, नुसतं कोरं पाकीट आलं, तरी नकार मागे घेतला असं मी धरीन. एवढं एकच बघायचं राहिलंय माझं."

चौदा वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं.

गेल्या जानेवारीत एका शनिवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले, सर आले नाहीत. मी आबाला पाठवलं. आबा सायकल स्टँडवर न लावता तशीच आडवी टाकून आत आला आणि दाराशीच खाली बसला. मला काही विचारावं लागलं नाही.

गावाकडच्या पुतण्यानं सगळं केलं. पिंकीचा पत्ता त्यानंच शोधून काढला. ती आली तेव्हा सर जाऊन चार दिवस झालेले.

सहाव्या दिवशी ती ग्रंथालयात आली. मी लगेच ओळखलं, तीच उंची आणि खांद्यातून तेच वाकणं. चष्मा लागला होता. पिशवीतून पाच पुस्तकं काढून तिनं टेबलावर ठेवली. "पप्पांच्या नावावर होती. उशिराचा दंड असेल तर सांगा."

दंड! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आत्ता आलीस?" मी म्हटलं. "पुस्तकं द्यायला? अगं, तो माणूस नऊ वर्षं फोन खिशात घेऊन फिरला. कंपनीच्या बाईला धन्यवाद म्हणायचा! एक फोन करायला तुझे हात मोडले होते का?" आणखीही खूप बोलले. वाचणारी दोन मुलं पुस्तकं सोडून बाहेर गेली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी बोलावत होते मावशी. त्यांनीच ओ दिली नाही."

"कधी गं? पत्र नाही, फोन नाही."

"फोनवर काय बोलणार? ते पुन्हा काहीतरी बरोबरच बोलले असते." ती खुर्चीत बसली, सरांच्याच खुर्चीत. "मी हॉस्पिटलच्या संशोधन विभागात आहे. उपचार अर्धवट सोडून निघून जातात ना पेशंट, पुन्हा सापडतच नाहीत, त्यांच्यावर काम करते. पप्पांच्या रीतीनं. माझ्या पहिल्या पेपरात त्यांचा हवाला दिला, तो द्यावाच लागला. पुढच्या तीन पेपरांत गरज नव्हती. तरी दिला. म्हटलं, हवाले सगळेच मोजतात, त्यांनाही दिसेल. चार वर्षं झाली ह्याला. मला वाटलं, वाचतात आणि गप्प बसतात. अजून राग असेल."

"तुझं नाव काय गं?" मी विचारलं. "पिंकी नाही, खरं. छापतात ते."

"के. एस. पाटील. एस म्हणजे पप्पाच."

मी कपाट उघडलं. कागद खाली सांडले. तिनंच ते गोळा केले आणि एकेक पाहत गेली. पहिली सापडली, दुसरी सापडली. के. एस. पाटील, आणि नावावरून आरपार माझी लाल रेघ. चारही ठिकाणी रेघ अगदी सरळ. मी पट्टी लावून मारायचे, नीटनेटकं दिसावं म्हणून.

मी तिला सगळं सांगितलं. केळी, शाल, भाऊबंद, सगळं. म्हटलं, "त्यांनी नाही गं कापलं तुला. मी कापलं. नियम त्यांचा, पण हात माझा. एकदा, एकदा जरी लेखाचं नाव वाचलं असतं मी."

"म्हणजे त्यांना दिसलंच नाही?"

"नाही."

"त्यांना कळलंच नाही, मी..." मी टेबलाला वळसा घालून गेले आणि तिला धरलं. ती रडली ती लहान मुलीसारखी, आवाज करून, नाक माझ्या पदराला पुसत. मांडवात रडायची राहिली होती तेवढी सगळी. आबा पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि दाराशीच उभा राहिला.

बऱ्याच वेळानं तिनं चष्मा पुसला. "मावशी, त्यांनी माझं नाव पाहिलं असतं, तर आले असते?"

चौदा वर्षं ह्या माणसानं मला शिकवलं होतं, की 'असतं तर' चं उत्तर कोणाला दिसत नाही आणि जे दिसत नाही ते सांगू नये. मला ते पटलेलंही आहे. पण समोर ती पोरगी बसली होती.

"आले असते," मी म्हटलं. "यादी हातात घेऊन तसेच स्टँडवर गेले असते. खोलीला कुलूप लावायला सुद्धा थांबले नसते."

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं.